नकाशातले फेड एकामागून एक कसे लावायचे? सेटटाइमआउटने क्रम बिघडतोय

नकाशारेघ

मंडळी, नमस्कार.

महाराष्ट्रातले जिल्हे कसे वाढत गेले हे दाखवणारा इंटरॲक्टिव्ह नकाशा करतेय. १ मे १९६० ला २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. मधली दहाची भर 'पुढे' बटण दाबत सहा टप्प्यांत उलगडते: १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशिम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, २०१४ ला पालघर.

प्रत्येक टप्प्यात हवं ते असं: जुन्या जिल्ह्याचं नाव विरून जावं, मग जुना आकार जाऊन त्या जागी नवे आकार यावेत, मग नवी नावं एकेक करून उमटावीत आणि शेवटी बाजूच्या चौकटीतला मजकूर यावा. एसव्हीजी (रेघा-आकारांनी काढलेलं चित्र) पानातच आहे, जावास्क्रिप्ट साधं, लायब्ररी नाही. सीएसएसमध्ये ओपॅसिटीला (० म्हणजे अदृश्य, १ म्हणजे पूर्ण दिसणारं) अर्ध्या सेकंदाचं ट्रान्झिशन (सावकाश बदल, म्हणजेच फेड) दिलंय आणि क्रम 'सेटटाइमआउट' या टायमरने लावलाय: २००, ७०० आणि ९५० मिलिसेकंद.

अडचणी:

१. 'पुढे' पटापट दोनदा दाबलं की दोन टप्प्यांची नावं एकावर एक राहतात. १९८२ च्या टप्प्यात 'उस्मानाबाद' अर्धवट पुसट होऊन तसंच अडकतं.
२. जुना आकार जाताना आणि नवे येताना मधेच मागचा निळा रंग डोकावतो. जिल्हा लुकलुकल्यासारखा दिसतो.
३. नव्याने घातलेलं लेबल कधी फेड होतं, कधी एकदम टपकतं.
४. पालघरवर क्लिक केलं तर जुन्या, अखंड ठाण्याची माहिती उघडते.
५. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की क्रमाचा पार घोळ.

'ट्रान्झिशनएंड' इव्हेंटवर (ट्रान्झिशन संपल्याची ब्राउझरची खूण) पुढचा टप्पा टांगून पाहिला. कधी गाडी दुसऱ्या पायरीवर अडते, कधी तिसरी पायरी दोनदा चालते. पुढे 'मागे' बटणही द्यायचंय. नेमकी मांडणी कशी करावी?

---

घाटमाथा

पहिली, तिसरी आणि पाचवी अडचण एकाच कुळातली आहे, ती आधी घेतो.

टायमरला तुमच्या फेडची काही खबर नसते. 'सेटटाइमआउट'ला ७०० सांगितलं म्हणजे '७०० मिलिसेकंदांच्या आत सोडू नकोस' एवढंच. ट्रान्झिशन मात्र ब्राउझर पुढच्या वेळी स्टाइल मोजेल तिथून सुरू होतं. मधे पान कामात अडकलं तर दोघांची फारकत होते. टॅब मागे गेला की टायमर साधारण सेकंदाला एकदाच सुटतात, आणि क्रोममध्ये पान पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेलं राहिलं तर साखळीने लावलेले टायमर मिनिटाला एकदाच. म्हणजे तुमचे २००, ७०० आणि ९५० हे तिन्ही एकाच ठोक्याला सुटतात. पाचव्या अडचणीचं कारण हेच.

'ट्रान्झिशनएंड'कडे वळलात ते योग्य दिशेने, पण त्या इव्हेंटच्या चार खोडी माहीत हव्यात.

तो प्रत्येक गुणधर्मासाठी वेगळा येतो. ओपॅसिटीबरोबर फिलचा रंगही बदलत असेल तर दोनदा येणार. शिवाय तो आतल्या घटकाकडून बाहेरच्या ग्रुपकडे वर चढत येतो, त्यामुळे ग्रुपवर लावलेला लिसनर (इव्हेंटची वाट पाहणारा कोड) आतल्या प्रत्येक पाथच्या, म्हणजे एकेका आकाराच्या, शेवटालाही जागा होतो. तिसरी पायरी दोनदा चालते ती यामुळे. इव्हेंटचं 'टार्गेट' आणि 'प्रॉपर्टीनेम' तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उलट बाजूने, किंमत बदललीच नाही तर तो येतच नाही. ओपॅसिटी आधीच ० असताना पुन्हा ० केली की ट्रान्झिशन नाही, शेवट नाही, साखळी तिथेच बसून राहते. अवधी ० केला तरीही तेच. आणि मधेच कुणी 'डिस्प्ले'ला 'नन' केलं तर शेवटाऐवजी 'ट्रान्झिशनकॅन्सल' येतो. तुमची दुसऱ्या पायरीवर अडणारी गाडी यांपैकीच कशात तरी अडतेय.

तिसरी अडचण: लेबल घातलं, ओपॅसिटी ० दिली, लगेच पुढच्या ओळीत १ दिली. ब्राउझर या दोन ओळींच्या मधे स्टाइल मोजत नाही, त्याला फक्त १ दिसतं. म्हणून फेड नाही. यावर 'ऑफसेटविड्थ' वाचायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण ती एचटीएमएल घटकांची आहे. एसव्हीजी घटकांना 'ऑफसेटविड्थ' नसतेच. 'अनडिफाइन्ड' मिळतं आणि स्टाइल मोजली जात नाही. तिथे 'गेटकॉम्प्युटेडस्टाइल' घेऊन त्यातली ओपॅसिटी प्रत्यक्ष वाचा. नुसतं फंक्शन बोलावून भागत नाही, किंमत वाचावी लागते.

तुमच्या कामाला मी ट्रान्झिशन सोडून वेब ॲनिमेशन्स घेईन, म्हणजे घटकाचं 'ॲनिमेट' फंक्शन. त्याला 'फिनिश्ड' नावाचं प्रॉमिस (काम संपल्यावर सुटणारं वचन) मिळतं, त्यावर 'अवेट' करता येतं, म्हणजे ते सुटेपर्यंत थांबता येतं. 'फेड' असं एकच फंक्शन लिहा. त्याला घटक, शेवटची ओपॅसिटी, पूर्ण अवधी आणि उशीर द्यायचा. आत क्रम असा ठेवा:

– घटकाची आत्ताची ओपॅसिटी 'गेटकॉम्प्युटेडस्टाइल'मधून वाचा, आकड्यात बदलून ठेवा.
– मग त्या घटकावर चालू असलेलं जुनं ॲनिमेशन 'कॅन्सल' करा. आधी कॅन्सल आणि मग वाचन असं उलटं झालं तर मधली किंमत हातची जाते आणि झटका दिसतो.
– घटकाच्या इनलाइन स्टाइलमध्ये शेवटची ओपॅसिटी आत्ताच लिहून टाका.
– आता वाचलेल्या किमतीपासून शेवटच्या किमतीपर्यंत 'ॲनिमेट' करा. ॲनिमेशनच्या 'फिल'ला (हा आकाराचा रंग नव्हे; ॲनिमेशनच्या आधी-नंतर कोणती किंमत दिसावी ते हा ठरवतो) 'बॅकवर्ड्स' द्या.
– त्याचं 'फिनिश्ड' परत करा.

शेवटची किंमत आधीच लिहायची, कारण त्यामुळे 'फिल'ला 'फॉरवर्ड्स' द्यावं लागत नाही. 'फॉरवर्ड्स' दिलेलं ॲनिमेशन संपल्यावरही स्टाइलच्या डोक्यावर बसून राहतं. नंतर तुम्ही ओपॅसिटी कितीही बदला, पडद्यावर काही हलत नाही. 'बॅकवर्ड्स' लागतं ते उशिरासाठी. ते नसेल तर ८० मिलिसेकंद थांबणारं लेबल आधी पूर्ण दिसेल, मग गायब होऊन पुन्हा फेड होईल.

सीएसएसमधली ट्रान्झिशनची ओळ काढून टाकायला विसरू नका. नाहीतर इनलाइन किंमत लिहिताच तेही चालू होतं आणि एकाच गुणधर्माला दोन मालक होतात.

क्रम लावणं मग सरळ आहे. जुनं नाव घालवा, अवेट. नवे आकार आणा, अवेट. नव्या नावांसाठी 'प्रॉमिस डॉट ऑल' (सगळी सुटेपर्यंत थांबणं), प्रत्येकाला उशीर म्हणजे क्रमांक गुणिले ८०. मग चौकट. आरंभ आणि शेवट सारखे असले तरी 'फिनिश्ड' सुटतंच, म्हणून साखळी अडत नाही. टॅब मागे गेला तर ते उशिरा सुटेल, पण क्रम मोडणार नाही.

पटापट क्लिकसाठी तीन वाटा आहेत: क्लिक दुर्लक्षित करा, रांगेत लावा, किंवा चालू टप्पा तिथल्या तिथे संपवून पुढचा सुरू करा. मी तिसरीच घेईन. दुर्लक्ष केलं तर बटण बिघडल्यासारखं वाटतं. रांग लावली तर चार क्लिकनंतर वाचकाला चार सेकंद ताटकळावं लागतं. तिसऱ्या वाटेसाठी दोन गोष्टी लागतात. एक, 'टप्पा लागू करा' असं फंक्शन, जे टप्प्याचा क्रमांक घेऊन सगळ्या थरांची अंतिम ओपॅसिटी ॲनिमेशनशिवाय एकदम लावतं. दोन, फेरीचा क्रमांक. प्रत्येक क्लिकला तो एकने वाढवा, फंक्शनच्या सुरुवातीला स्वतःपाशी ठेवा आणि प्रत्येक अवेटनंतर ताडून पाहा. जुळला नाही तर तिथूनच परत फिरा. क्लिक आला की सगळी ॲनिमेशनं कॅन्सल, आधीचा टप्पा लागू, मग नवा सुरू. 'उस्मानाबाद' पुन्हा अडकणार नाही.

कॅन्सल केल्यावर अपुऱ्या ॲनिमेशनचं 'फिनिश्ड' 'ॲबॉर्टएरर' फेकतं. तेवढीच चूक पकडून गिळा. सरसकट सगळ्या चुका गिळल्या तर उद्या लेबलच्या आयडीत टायपो झाला तरी कळायचं नाही.

---

तिरपी_रेघ

दुसऱ्या अडचणीत वेळेचा काही दोष नाही, तो रंगांच्या बेरजेचा प्रश्न आहे. त्यामुळे क्रम कितीही नीट लावला तरी ती राहणार.

जुना आकार १ वरून ० कडे आणि नवा ० वरून १ कडे एकाच वेळी नेला तर मध्यावर दोघेही अर्धे असतात. अर्धा अधिक अर्धा म्हणजे पूर्ण, असं वाटतं. पण वरचा थर अर्धा झाकतो आणि खालचा उरलेल्या अर्ध्याचा अर्धा झाकतो. एकूण झाकलं गेलं ७५ टक्के. २५ टक्के निळा रंग आरपार दिसतो, तीच तुमची लुकलुक. नव्या थराची ओपॅसिटी 'अ' धरली तर झाकण १ − अ × (१ − अ). सगळ्यात वाईट क्षण बरोबर मध्यावर येतो.

उपाय: जुना आकार फेड करूच नका. तो खाली १ वर तसाच राहू द्या, नवे आकार त्याच्या वर ० वरून १ वर आणा आणि ते पूर्ण झाले की जुना एका क्षणात काढा. तो तेव्हा झाकलेला असतो, काढलेला कुणाला कळत नाही. नवे जिल्हे मिळून जुन्याचीच जागा भरतात, म्हणून हे तुमच्या नकाशाला चपखल बसतं. जालन्याला मात्र जरा जपून. तो औरंगाबादमधले तालुके आणि परभणीतलं परतूर मिळून झाला, म्हणजे खाली दोन जुने आकार आणि वर तीन नवे. दोन्ही जुने शेवटपर्यंत ठेवा. एक जरी आधी काढला तर परतूरच्या बाजूने निळी खाच दिसेल.

नवे आकार एका 'जी' ग्रुपमध्ये घाला आणि ओपॅसिटी ग्रुपला द्या. प्रत्येक पाथला वेगवेगळी दिली तर सामाईक हद्दीवर दोन रेघा एकमेकींवर पडतात आणि फेड चालू असताना ती हद्द बाकीच्यांपेक्षा गडद दिसते. ग्रुपला दिली की ब्राउझर आधी सगळा ग्रुप रंगवतो आणि मग एकच पातळी लावतो. याच कारणासाठी 'फिल-ओपॅसिटी' आणि 'स्ट्रोक-ओपॅसिटी' वेगळ्या हलवू नका. रेघ आकाराच्या कडेवर मधोमध बसते, तिची आतली अर्धी जाडी रंगावर येते, आणि फेडच्या मधे रेघ दोन पट्ट्यांची झाल्यासारखी दिसते.

जुना आकार काढल्यावर दोन नव्या जिल्ह्यांच्या सांध्यात केसाएवढी निळी रेघ चमकली तर घाबरू नका. कडा मऊ करताना दोन्ही बाजूंचे पिक्सेल अर्धवट झाकले जातात, त्यातून ती येते. वरचंच ७५ टक्क्यांचं गणित, पिक्सेलच्या पातळीवर. पाथला अर्ध्या पिक्सेलची रेघ त्याच रंगाची द्या, किंवा संपूर्ण राज्याचा एक आकार जमिनीच्या रंगात सगळ्यांच्या तळाशी कायम ठेवा. मला दुसरा उपाय जास्त पसंत, कारण तो सगळ्या टप्प्यांना एकदाच पुरतो.

अक्षरांना मात्र नियम उलटा. आकार एकमेकांवर चढवायचे, नावं कधीच नाही. दोन नावं एकाच जागी अर्धी-अर्धी दिसली की दोन्ही वाचता येत नाहीत, आणि देवनागरीत शिरोरेघा एकमेकींवर बसल्यावर तर नुसता काळा पट्टा दिसतो. जुनं नाव पूर्ण जाऊ द्या, पाचपन्नास मिलिसेकंद जागा रिकामी राहू द्या, मग नवं आणा. पुढे २०२३ चे नामांतराचे टप्पे घातलेत (छत्रपती संभाजीनगर, धाराशिव) तर तिथे आकार तोच राहून फक्त नाव बदलेल; तेव्हा हे फार उपयोगी पडेल.

मुंबई उपनगर राज्याच्या नकाशात नखाएवढंही दिसत नाही. तो टप्पा इनसेटमध्ये (कोपऱ्यातल्या मोठ्या केलेल्या छोट्या नकाशात) दाखवा. इनसेट आधी आणि आतला बदल मग, एकत्र नको.

---

नकाशारेघ

घाटमाथा, तिरपी_रेघ, दोघांचेही मनापासून आभार. आकार खाली तसाच ठेवण्याने लुकलुक पूर्ण गेली. फेरीचा क्रमांक लावल्यावर नावंही अडकत नाहीत.

आता 'मागे'चं विचारते. अवेटची साखळी पुढे जायला छान आहे, पण उलट जाताना वेगळी साखळी लिहावी लागतेय: आधी चौकट, मग नावं, मग आकार. सहा टप्पे, दोन दिशा, बारा साखळ्या. शिवाय संपादकांना खाली वर्षांची सरकपट्टीही हवी आहे, बोटाने ओढली की नकाशा मागेपुढे व्हावा. हे साखळीत बसेल का?

---

वेळापत्रक

सरकपट्टी म्हटल्यावर साखळी सोडा. साखळीला 'आत्ता कुठे आहोत' हे ठाऊक नसतं, तिला फक्त 'पुढे काय' एवढंच कळतं. तुम्हाला हवं आहे ते असं फंक्शन, ज्याला वेळ दिली की ते सगळ्या थरांची ओपॅसिटी सांगेल. मग पुढे, मागे आणि ओढणं या तिन्हींसाठी तेच एक फंक्शन.

पालघरचा टप्पा घेऊ. एकूण १००० मिलिसेकंद, सुरुवात आणि अवधी असा:

जुनं नाव 'ठाणे' – ० पासून, २०० – १ वरून ०
नव्या आकारांचा ग्रुप – १५० पासून, ५०० – ० वरून १
जुना आकार – ६५० च्या आत दिसतो, नंतर नाही
नवं नाव 'ठाणे' – ६०० पासून, २५० – ० वरून १
नवं नाव 'पालघर' – ६८० पासून, २५० – ० वरून १
चौकट – ८०० पासून, २०० – ० वरून १

पायऱ्या एकमेकींवर थोड्या चढवल्यात, मुद्दाम. एक पूर्ण संपल्यावरच दुसरी सुरू केली तर प्रत्येक सांध्याला नकाशा थबकतो आणि एकूण वेळ १४०० पर्यंत जातो. असं ५० ते १७० मिलिसेकंद चढवल्यावर डोळ्याला सलग वाटतं, तरी आधी-नंतर कळतं.

हिशेब प्रत्येक थरासाठी एकच. चालू वेळेतून थराची सुरुवात वजा करा, अवधीने भागा, उत्तर ० ते १ मध्ये आवळा. त्याला 'प' म्हणू. मग प × प × (३ − २ × प) केलं की सुरुवात आणि शेवट मऊ होतात. आरंभीच्या किमतीत, शेवट आणि आरंभ यांच्या फरकाला त्याने गुणून मिळवा. झालं. वेळ ५०० दिली तर ५०० चं चित्र येणार, ती पुढून आली की मागून याने काही फरक पडत नाही.

घड्याळ 'रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम'वर चालवा. तो प्रत्येक फ्रेमला वेळेचा शिक्का देतो. मागच्या शिक्क्यापासूनचा फरक चालू वेळेत मिळवा, 'मागे' असेल तर वजा करा, ० आणि १००० च्या बाहेर जाऊ देऊ नका. टोकाला पोचलं की पुढची फ्रेम मागू नका, नाहीतर पान नुसतं पडून असतानाही प्रोसेसर राबत राहतो.

इथे दोन खड्डे हमखास लागतात. पहिला म्हणजे 'दर फ्रेमला ०.०५ वाढव' असं लिहिणं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर वीस फ्रेम म्हणजे ३३३ मिलिसेकंद. १२० हर्ट्झच्या फोनवर तोच फेड १६७ मध्ये उरकतो. भर नेहमी वेळेच्या फरकाने घाला, फ्रेम मोजून नको. त्याच तऱ्हेच्या कोडमध्ये 'ओपॅसिटी १ झाली का' अशी बरोबरीची तपासणीही सापडते. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं की ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, १ येत नाही. बरोबरी तपासू नका, 'पेक्षा मोठं किंवा समान' तपासा आणि शेवटी किंमत स्वतः १ लिहा.

दुसरा खड्डा टॅबचा. टॅब झाकला की फ्रेम येणं थांबतं. परत आल्यावर पहिला फरक चाळीस सेकंदांचाही असू शकतो आणि फेड न दिसताच संपतो. फरकावर ५० मिलिसेकंदांची मर्यादा घाला, मग जिथे सोडलं तिथूनच पुढे चालू होईल.

सरकपट्टीसाठी घड्याळ थांबवा आणि पट्टीची जागा थेट वेळ म्हणून द्या. सहा टप्पे म्हणजे ० ते ६०००. ४३०० म्हणजे चार टप्पे पूर्ण आणि पाचव्यात, १९९९ च्या, ३०० वर.

प्रोसेसरवरच्या भाराची काळजी नको. एका टप्प्यात सहा-आठ थर हलतात, तेवढं कुठलाही फोन पेलतो. मात्र किंमत बदलली नसेल तर स्टाइल लिहू नका. मागची किंमत जवळ ठेवा आणि ताडून मगच लिहा. 'विल-चेंज' (हे बदलणार, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) छत्तीसही पाथला लावून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येकाला वेगळा थर मिळून स्मृती खातो, फायदा दिसत नाही.

तयार हवं असेल तर जीसॅप या ॲनिमेशन लायब्ररीची टाइमलाइन हेच करते: 'आधीचं संपण्याच्या ०.१५ सेकंद आधी सुरू कर' असं सांगता येतं, उलट चालवता येतं, ओढता येतं. २०२५ पासून ती सर्वांना, व्यावसायिक कामालाही, मोफत आहे. एका नकाशासाठी मी स्वतःचं फंक्शन लिहीन. वर्षाला दहा नकाशे होणार असतील तर जीसॅप.

---

घाटमाथा

वेळापत्रक यांचं पटतं, सरकपट्टी असेल तर हाच रस्ता. फक्त एक भर घालतो. सरकपट्टी नसून नुसतं 'मागे' हवं असेल, तर वेब ॲनिमेशन्समध्येही ते होतं. प्रत्येक थराचं ॲनिमेशन आधीच बनवून ठेवा, सुरुवातीचा आकडा 'डिले'मध्ये घाला, 'फिल'ला 'बोथ' द्या आणि मागे जाताना प्रत्येकावर 'रिव्हर्स' बोलवा.

मेख अशी आहे की 'रिव्हर्स' प्रत्येक ॲनिमेशनला त्याच्या स्वतःच्या शेवटावरून उलटं सोडतं. जुनं नाव २०० वर संपतं, चौकट १००० वर. दोन्ही एकदम उलटे सुटले की जुनं 'ठाणे' लगेच परत उमटू लागतं, नवं अजून जागेवर असताना. म्हणून प्रत्येकाला 'एंडडिले' द्या, इतकं की डिले, अवधी आणि एंडडिले मिळून सगळ्यांचं १००० होईल. जुन्या नावाला ८००, आकारांच्या ग्रुपला ३५०, नव्या 'ठाणे'ला १५०, 'पालघर'ला ७०, चौकटीला ०. सगळ्यांची शेवटरेषा एक झाली की उलटा क्रम आपोआप बरोबर येतो.

इथे 'बोथ' असल्यामुळे टप्पा कायमचा मागे पडला की अंतिम किमती इनलाइन लिहून ती ॲनिमेशनं कॅन्सल करा. मी वर 'फॉरवर्ड्स' टाळायला सांगितलं त्याचं कारण इथेही लागू आहे.

डी-थ्री ही आकृत्यांची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: त्याचं ट्रान्झिशन एकामागून एक साखळीत जोडता येतं, आणि 'एंड' प्रॉमिस देतं. पण एकाच घटकावर त्याच नावाचं दुसरं ट्रान्झिशन सुरू झालं की पहिलं तोडलं जातं. माऊस नेल्यावरचा उजाळा आणि टप्प्याचा फेड यांना वेगळी नावं द्या आणि दोघांना एकाच ओपॅसिटीवर हात टाकू देऊ नका. अवधी सांगितला नाही तर २५० मिलिसेकंद धरला जातो.

---

पायवाट

चौथ्या अडचणीकडे कुणी वळलं नाही, आणि वाचकाला तीच सगळ्यात जास्त बोचेल.

ओपॅसिटी ० म्हणजे अदृश्य, अनुपस्थित नव्हे. ब्राउझरच्या दृष्टीने तो घटक जागेवरच असतो. एसव्हीजीत क्लिक कुणाला लागावं हे ठरताना 'व्हिजिबिलिटी' आणि फिल पाहिलं जातं, ओपॅसिटी पाहिली जात नाही. जुनं ठाणे विरलं, पण पालघरच्या वर तसंच पसरून आहे. क्लिक तेच खातं. आता जुना आकार खाली ठेवणार आहात त्यामुळे लक्षण झाकलं जाईल, पण नावांच्या बाबतीत राहीलच.

नियम असा ठेवा. जायला निघालेल्या थराला फेड सुरू होतानाच 'पॉइंटर-इव्हेंट्स' 'नन' करा, संपल्यावर 'व्हिजिबिलिटी' 'हिडन'. येणाऱ्या थराला आधी 'व्हिजिबल', मग फेड, आणि क्लिक घेण्याची मुभा निम्मा फेड झाल्यावर. 'हिडन'मुळे कीबोर्डचा टॅबही तिथे थांबत नाही आणि स्क्रीन रीडरही ते नाव वाचत नाही. नुसत्या ओपॅसिटीवर थांबलात तर अंध वाचकाला एकाच नकाशात दोन 'ठाणे' ऐकू येतील. वेळापत्रक यांच्या फंक्शनमध्ये हे सहज बसतं: किंमत ० आली की हिडन, ० पेक्षा जास्त असली की व्हिजिबल. जीसॅपमध्ये ओपॅसिटीऐवजी 'ऑटोअल्फा' लिहिलं की हेच घडतं.

ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केली आहे त्यांच्यासाठी 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' तपासा. तिथे अवधी थेट ० करण्यापेक्षा सगळे थर एकत्र १०० ते १५० मिलिसेकंदांत आणा, उशीर काढून टाका. त्रास होतो तो सरकण्या-फिरण्याचा आणि झूमचा. छोटा फेड बहुतेकांना चालतो आणि बदल कुठे झाला तेही कळतं. कुणी अजून 'ट्रान्झिशनएंड'वर असेल तर ० केल्याने साखळी अडेल हे घाटमाथा यांनी सांगितलंच आहे. हा बग कार्यालयातल्या संगणकांवर दिसत नाही, वाचकाच्या फोनवर दिसतो.

बाजूच्या चौकटीला 'ॲरिया-लाइव्ह' 'पोलाइट' द्या (म्हणजे बदललेला मजकूर स्क्रीन रीडर आपणहून वाचतो) आणि मजकूर टप्पा संपल्यावर एकदाच बदला. सरकपट्टी ओढताना तर बोट उचलल्यावरच, नाहीतर स्क्रीन रीडर सहा वर्षं एका दमात वाचू लागतो.

तपासताना क्रोमच्या डेव्हटूल्समधलं 'ॲनिमेशन्स' पॅनेल उघडा आणि वेग १० टक्के करा. ते सीएसएसची आणि वेब ॲनिमेशन्सची ॲनिमेशनं संथ करतं. स्वतःच्या घड्याळावर चालणाऱ्या फंक्शनला फरकाला ०.१ ने गुणणारा एक आकडा ठेवा. त्या वेगाने जालन्याचा टप्पा आधी पाहा, दोन जुने आणि तीन नवे आकार असल्यामुळे थरांच्या क्रमातली चूक तिथे सगळ्यात आधी उघडी पडते. मग परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू चार पट मंद करून 'पुढे' पाच वेळा भराभर दाबा, 'मागे' दोनदा, आणि प्रत्येक जिल्ह्यावर एकेक क्लिक करून नाव जुळतंय का बघा.